आधी डबा, मग खेळ

कंटेनर म्हटलं की आमच्या रायगडातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं. न्हावाशेवाहून निघालेला तो लांबलचक ट्रेलर, खालापूरच्या टोलनाक्यावरची रांग, मग बोरघाटात धापा टाकत चाललेली त्याची चढण, आणि त्याच्यामागे अडकलेली आपली एसटी. त्यामुळे मी घरात "आमच्या खेळाचं सगळं सामान आता कंटेनरमध्ये भरलंय" असं जाहीर केलं, तेव्हा आत्याने काळजीने विचारलं, "अरे, पण तो उभा कुठे केलायस?"

प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून आजचं हे लिखाण आत्यासाठी, आणि ज्यांना डॉकर वगैरे शब्द ऐकले की जांभई येते त्या सगळ्या नातेवाईक मंडळींसाठी. जे स्वतः प्रोग्रॅमिंग करतात त्यांच्याशी मात्र मला थोडं भांडायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चार-पाच जण मिळून एखादा खेळ बनवत असतील, तर खेळाची पहिली ओळ लिहिण्याआधी त्यांनी एक काम करावं. नवा आलेला माणूस, त्याच्याकडे असेल त्या लॅपटॉपवर, तासाभरात कामाला लागेल अशी सोय करावी. बरेच जण याला तांत्रिक हौस समजतात. मला वाटतं ही दारात आलेल्याला आत घेण्याची रीत आहे.

आता आधी कंटेनर म्हणजे काय ते.

नेरळ स्टेशन सगळ्यांना माहीत आहे. मुंबईहून येणारी गाडी साडेपाच फुटी रुळांवरून येते आणि १९०७ साली सुरू झालेली माथेरानची गाडी दोन फुटी रुळांवरून जाते. त्यामुळे नेरळला उतरायचं, बोचकी काढायची, पुन्हा चढायचं. पूर्वी सगळ्या जगात मालाचं असंच होतं. जहाजातून एकेक पोतं उतरवा, गाडीत भरा, पुन्हा उतरवा. १९५६ च्या एप्रिलमध्ये माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याने न्यूअर्कहून ह्यूस्टनला एका जहाजातून ५८ पेट्या पाठवल्या. माल आतच राहू द्यायचा, अख्खी पेटीच उचलायची. आत काय आहे याच्याशी क्रेनला देणंघेणं नाही, पेटीचं माप ठरलेलं असलं की झालं.

सॉफ्टवेअरमध्ये नेमकं हेच करायला फार वेळ लागला. लिनक्समध्ये त्याची तयारी आधीपासून होती, पण २०१३ च्या मार्चमध्ये सॉलोमन हाइक्सने पायथॉनवाल्यांच्या परिषदेत पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर दाखवलं आणि ही गोष्ट सर्वांच्या हाताशी आली. प्रोग्रॅम, त्याला लागणारी भाषा, तिची नेमकी आवृत्ती, बाकीच्या लायब्ऱ्या, सगळं एका डब्यात भरायचं. डबा माझ्या लॅपटॉपवर उघडा, तुमच्या उघडा की अमेरिकेतल्या सर्व्हरवर उघडा, आतला स्वयंपाक तोच. तेव्हा आत्या, कंटेनर कुठेही उभा केलेला नाही. लॅपटॉपमध्येच आहे. :)

आता आमचा खेळ. खेळ साधा आहे, ब्राउझरमध्ये चालतो. कर्जत स्टेशनवर पुण्याकडे जाणारी गाडी येते. पुढे घाट, चढ ३७ फुटांना एक फूट. एकटं इंजिन ओढू शकत नाही म्हणून मागून बँकर इंजिनं जोडायची आणि लोणावळ्यापर्यंत, म्हणजे साधारण २८ किलोमीटर, गाडी वर ढकलायची. कर्जतला गाडी थांबते ती याचसाठी, आणि त्या थांब्यात तुम्ही दिवाडकरांचा वडा खाता. तर खेळात एकाने पुढचं इंजिन चालवायचं आणि दुसऱ्याने, दुसऱ्या घरात बसून, मागचं. पुढच्याने ब्रेक लावला आणि मागचा ढकलतच राहिला तर काय होईल ते तुम्हीच ठरवा.

खेळायला सोपा वाटला तरी "दुसऱ्या घरात बसून" हे तीन शब्द महाग पडतात. चित्रं ब्राउझरमध्ये हलतात, पण दोघांना जोडायला एक सर्व्हर लागतो, तो नोडमध्ये लिहिलेला. गुणांची यादी ठेवायला पोस्टग्रेस. कोण आत्ता जोडलेलं आहे हे झटपट लक्षात ठेवायला रेडिस. म्हणजे एक खेळ आणि पोटात तीन सेवक. काम करणारे आम्ही पाच जण. एक खोपोलीचा, एक चौकची, एक कडावची, एक नेरळचा आणि मी. त्यातले चौघं अजून कॉलेजात आहेत. लॅपटॉप पाच आणि पाचही वेगळे. दोन विंडोज, तेही वेगवेगळे, दोन लिनक्स, एक मॅक. तीन सेवक पाच घरी नीट कामाला लावायचे म्हणजे पंधरा ठिकाणी काहीतरी बिघडू शकतं. आणि जे बिघडू शकतं ते बिघडतं.

यावर माझ्या कंपनीतल्या मित्रांचं ठरलेलं उत्तर असतं. "त्यात काय, एक दिवस बसायचं आणि इन्स्टॉल करून टाकायचं." त्यांना मी माझ्या पुतणीची गोष्ट सांगतो.

पुतणी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. मुंबईत कुठेतरी चोवीस तासांची खेळ बनवायची स्पर्धा होती. खोपोलीची पहाटेची लोकल धरून पोरगी गेली. तिथल्या गटाचा कोड आधीपासून तयार होता, बाकीच्यांच्या लॅपटॉपवर चालत होता. हिच्या लॅपटॉपवर चालेना. नोडची आवृत्ती वेगळी, ती बदलली तर एक लायब्ररी रुसली, ती मनवली तर डेटाबेसला पासवर्ड पटेना. प्रत्येक जण दोन मिनिटं येऊन बघायचा आणि म्हणायचा, "माझ्याकडे तर चालतंय." सहा तास गेले. मग ती दुसऱ्यांच्या मागे खुर्ची घेऊन बसली. घरी आल्यावर मला म्हणाली, "काका, मला प्रोग्रॅमिंग नाही जमत."

त्या चोवीस तासांत तिने प्रोग्रॅमची एकही ओळ लिहिली नव्हती. जे केलंच नाही ते जमत नाही असं तिने ठरवून टाकलं. ते चौघं वाईट नव्हते, कुणी तिला हसलंही नाही. पण त्यांच्या घराला उंबरा इतका उंच होता की बाहेरच्याला वाटावं, आपलेच पाय आखूड आहेत. मुंबई-पुण्यात असं झालं तर पोरगं दुसऱ्या गटात जातं, ओळखीच्या सीनियरला विचारतं. आमच्याकडे कर्जत-खालापुरात तो सीनियर शोधायला लोकल धरावी लागते. म्हणून इथे पहिला तास जास्त महत्त्वाचा.

(पुतणी आता आमच्या गटात आहे. वरच्या यादीतली नेमकी कोणती ते सांगणार नाही, ती रागावेल.)

तर आमच्याकडे आता काय होतं? नव्याने आलेल्याने डॉकर घालायचं, आमचा कोड उतरवायचा आणि "डॉकर कंपोज अप" एवढा एक हुकूम द्यायचा. तिन्ही सेवक आपापल्या डब्यात जागे होतात, एकमेकांना नावाने ओळखतात, आणि ब्राउझरमध्ये कर्जत स्टेशन दिसू लागतं. कोडचं फोल्डर डब्याला बाहेरून जोडलेलं असल्याने बाहेर ओळ बदलली की आत लगेच बदलते. गुणांची यादी वेगळ्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे डबा फेकून नवा घेतला तरी गुण शाबूत राहतात. पोस्टग्रेस नुसता सुरू होऊन भागत नाही, तो बोलायला तयार झाला की नाही हे तपासून मगच आमचा सर्व्हर उठतो. कारण झोपेतून उठलेला माणूस आणि चहा झालेला माणूस यांत फरक असतो.

आवृत्त्यांबद्दल एक गोष्ट आमच्या भागातल्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाही, पण प्रोग्रॅमरला सांगावी लागते. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेल्या जाती आहेत, कर्जत-३, कर्जत-५, कर्जत-७ वगैरे. बियाणं घ्यायला गेलेला माणूस "जे सगळ्यात नवं असेल ते द्या" म्हणत नाही. त्याला आपल्या शेतातलं पाणी माहीत असतं, किती दिवसांत तयार होणारं भात हवं ते माहीत असतं, तो आकडा सांगून मागतो. आणि आमचे भाऊबंद डब्याच्या चिठ्ठीवर "लेटेस्ट" लिहून मोकळे होतात! आज उतरवलेलं लेटेस्ट आणि सहा महिन्यांनी उतरवलेलं लेटेस्ट ही दोन वेगळी बियाणी असतात. आकडा लिहा, मंडळी.

डब्यामुळे अनपेक्षित फायदेही झाले. खेळात रोज रात्री बारा वाजता गुणांची यादी कोरी व्हायला हवी. कंटेनरचं घड्याळ, तुम्ही दुसरं काही सांगितलं नाही तर, जागतिक वेळेवर चालतं. त्यामुळे यादी कोरी होत होती पहाटे साडेपाचला. हे आम्हाला दुसऱ्याच दिवशी घरच्या घरी दिसलं. डबा नसता तर सगळ्यांच्या लॅपटॉपवर भारतीय वेळ, सगळं आलबेल, आणि खेळ सर्व्हरवर चढवल्यावर खेळणाऱ्यांनी बोंब मारली असती. तसंच चित्रांच्या नावांचं. विंडोजला इंग्रजीतलं मोठं अक्षर आणि छोटं अक्षर सारखंच, लिनक्सला ते दोन वेगळे. कोड लिनक्सच्या डब्यात भरला आणि बँकर इंजिन पडद्यावरून गायब! चित्राच्या नावातलं पहिलं अक्षर मोठं होतं, एवढंच. जे शेवटी होणारच आहे ते पहिल्या दिवशी झालेलं बरं.

आता विरोधी पक्ष. आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही मी गंभीरपणे घेतो.

पहिला आक्षेप वजनाचा. आमच्या खालापूर तालुक्यात उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान मोठी फौज आणि बरोबरचं अफाट सामान घेऊन त्या अरुंद वाटेत शिरला, आणि पुढे काय झालं ते शाळेत शिकलो आहोत. नोडचा नेहमीचा डबा उघडल्यावर जवळजवळ एक जीबी भरतो. तसे दोन-तीन डबे घेऊन कशेळ्याच्या पुढच्या एखाद्या वाडीतल्या मोबाईलच्या रेंजमध्ये शिरलात, की तुमचा कारतलबखान झालाच म्हणून समजा. त्यात लाइट. १९१५ साली खोपोलीला टाटांचं वीजघर सुरू झालं, पुढे भिवपुरीला झालं, मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. पण ज्या डोंगरातून ती वीज निघाली त्याच्या पायथ्याच्या वाड्यांत पावसाळ्यात ती किती वेळ असते हे तिथे राहणाऱ्यालाच विचारा.

हा आक्षेप मला मान्य आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. सामान जड आहे म्हणून मोहीमच रद्द करायची नसते, सामान कमी करायचं असतं. अल्पाइन नावाच्या छोट्या लिनक्सवर बांधलेला नोडचा डबा नेहमीच्या डब्याच्या पाव भागाहून कमी असतो. डॉकरफाईलमध्ये आधी फक्त लायब्ऱ्यांची यादी आत घ्यायची, त्या उतरवायच्या आणि मगच आपला कोड घ्यायचा, म्हणजे कोडची एक ओळ बदलली म्हणून सगळ्या लायब्ऱ्या पुन्हा उतरत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेन ड्राइव्ह. "डॉकर सेव्ह" म्हटलं की सगळे डबे एका फाईलमध्ये बांधले जातात, दुसऱ्या लॅपटॉपवर "डॉकर लोड" म्हटलं की उघडतात. मध्ये इंटरनेट लागतच नाही. आमचा पेन ड्राइव्ह कर्जत-खोपोली लोकलने फिरतो. त्या लोकलची वाट बघावी लागते हे खरं, पण आली की पूर्ण डबा एका फेरीत पोचतो.

लॅपटॉप जुना असेल, चार जीबी मेमरीचा, तर विंडोजवर डॉकर त्याला झेपत नाही, कारण तिथे आधी आतल्या आत एक पूर्ण लिनक्स उभं करावं लागतं. त्याच लॅपटॉपवर थेट लिनक्स घातलं तर मधला मजला जातो आणि तोच लॅपटॉप पळू लागतो. तेही नको असेल तर रविवारी सगळे एकत्र बसतात तेव्हा एकाच लॅपटॉपवर सर्व्हर चालवायचा, बाकीच्यांनी त्याच्या वायफायला जोडून फक्त ब्राउझरकडची बाजू लिहायची. सांगायचं काय, की सगळ्यात दणकट लॅपटॉप बघून डबा भरायचा नसतो. सगळ्यात म्हाताऱ्या लॅपटॉपला विचारून भरायचा असतो.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे, आणि तो करणारी माणसं जुनीजाणती आहेत. "अशाने पोरं काही शिकत नाहीत. आम्ही सगळं हाताने बसवलं म्हणून आम्हाला कळलं. तुम्ही तयार डबा देता, पोरं नुसती खातात."

खरंच असं होतं का? माझ्या पुतणीने सहा तास हाताने बसवलं. काय शिकली? डब्यात काय आहे हे लपवलेलं नसतं. डॉकरफाईल ही वीस-पंचवीस ओळींची पाककृती असते, वरून खाली वाचता येते. पूर्वी हे ज्ञान एका सीनियरच्या डोक्यात असायचं, तो सोडून गेला की ज्ञानही गेलं. आता ते लिहून ठेवलेलं असतं. आमच्याकडे एक नियम आहे. पहिल्या दिवशी डबा फक्त चालवायचा आणि खेळात काहीतरी बदलायचं, निदान इंजिनाचा रंग तरी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र डॉकरफाईल उघडून प्रत्येक ओळ का आहे ते बाकीच्यांना समजावून सांगायचं. आधी पोहायची गोडी लागू द्या, मग पाण्याची रसायनं शिकवा. उलट क्रमाने शिकवलेली पोरं काठावरूनच परत जातात.

आणि हा काही आमच्यासारख्या हौशी लोकांचा उद्योग नाही. लिचेस ठाऊक असेलच, ब्राउझरमधलं बुद्धिबळ. थिबो दुप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने २०१० मध्ये सुरू केलं. जाहिराती नाहीत, सगळा कोड खुला, मराठीतही दिसतं. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या घरातली चिल्लीपिल्लीही त्यावर खेळतात. त्याचा सर्व्हर स्काला भाषेत, डेटाबेस मोंगो, शिवाय रेडिस, वेबसॉकेटचा सर्व्हर वेगळा. हे हाताने बसवायचं म्हणजे वाटेतच विरक्ती यावी. त्या लोकांनी नव्या माणसासाठी लिला-डॉकर नावाचं वेगळं कोठारच ठेवलं आहे, त्यात जास्तीच्या सेवा कोणत्या हव्यात ते निवडून बाकीच्या सोडून देता येतात. म्हणजे खोपोलीतला एखादा पोरगा, मनात आणलं तर, जगभर खेळल्या जाणाऱ्या खेळाची प्रत आपल्या खोलीत चालवून त्यात दुरुस्ती सुचवू शकतो. हे मला अजूनही थोडं अद्भुत वाटतं.

डबा सर्व काही करतो असंही नाही. खेळ शेवटी ब्राउझरमध्ये दिसतो, आणि ब्राउझर डब्याबाहेर आहे. जुन्या मोबाईलवर गाडी अडखळते का, बोट लावल्यावर ब्रेक लागतो का, हे तो मोबाईल हातात घेऊनच बघावं लागतं. खेळात मजा आहे की नाही हे तर कुठलाच डबा सांगत नाही. बँकर इंजिन गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलतं आणि सुटतं, पुढे पुण्याला गाडीने आपली आपण जायचं असतं. पण ते इंजिन नसतं तर गाडी कर्जतलाच राहिली असती.

म्हणून माझ्या प्रोग्रॅमर मित्रमैत्रिणींना एक विनंती. तुमच्याकडे खेळ असो, वेबसाइट असो, कॉलेजचा प्रोजेक्ट असो, एक परीक्षा घ्या. ज्याने तुमचा कोड कधी पाहिलेला नाही अशा कुणालातरी, शक्यतो ज्याचा लॅपटॉप तुमच्यापेक्षा जुना आहे अशाला, बोलवा. त्याला सूचनांचा कागद द्या, घड्याळ लावा आणि स्वतः तोंड बंद ठेवून शेजारी बसा. "अरे, तिथे ना, ते असं करायचं असतं" असं जितक्या वेळा तुमच्या ओठांवर येईल तितक्या ओळी तुमच्या डॉकरफाईलमध्ये कमी आहेत. तासाभरात त्याने एखादी गोष्ट बदलून ती पडद्यावर पाहिली, तर पास.

किती जण पास होतात ते कळवा. आणि कुणाला घाटात गाडी ढकलायची हौस असेल तर या एखाद्या रविवारी. पेन ड्राइव्ह तयार आहे.